काळी फ्रेम

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे. टेम्पोवाल्याने सामान जिन्याखालीच टाकलं आणि निघून गेला, त्यामुळे दादाने आणि मी सतरा खोकी स्वतः वर चढवली. दादा प्रत्येक खोक्यागणिक एका पायरीवर थांबून म्हणत होता की पुस्तकं वाचायला हलकी असतात ही शुद्ध अफवा आहे. दोन खोल्या, एक गॅलरी, खाली सायकलदुरुस्तीचं दुकान. घरमालकीणबाई तळमजल्यावर मागच्या बाजूला राहतात. त्यांनी पाण्याच्या वेळा सांगितल्या, चावी दिली आणि दादाला दोनदा विचारलं की तुम्ही यांचे मिस्टर का. दादा म्हणाला, नाही हो, मी हिचा मोठा भाऊ, पण ओरडा मात्र नवऱ्याइतका खातो. बाई मनापासून हसल्या. म्हणजे इथे जमेल.

गॅलरीतून हॉस्पिटलची मागची भिंत दिसते. चालत सात मिनिटं. एवढ्या जवळची नोकरी मला आजवर मिळाली नव्हती. दादाला काय, तो मुद्रितं तपासतो, टेबल आणि लाल पेन्सिल असली की त्याचं ऑफिस झालं. खिडकीजवळची जागा त्याने लगेच पटकावली.

आई-बाबा गेले तेव्हा मी दहाची होते आणि तो एकवीसचा. तेव्हापासून आम्ही आठ घरं बदलली. हे नववं. आज झोपताना तो म्हणाला, धाकटे, या घराला उजेड चांगला आहे, इथे टिकू.

५ फेब्रुवारी, बुधवार

कामाचे दोन दिवस झाले. एक्स-रेच्या दोन खोल्या आहेत. दोन नंबरमध्ये जुनं मशीन, फिल्मचं, कुरकुरतं पण प्रामाणिक. एक नंबरमध्ये नवा डिजिटल डिटेक्टर बसतोय. मला घेतलंय ते त्याच्यासाठीच. इथे सगळे त्याला पॅनेल म्हणतात. दिसायला मोठ्या पाटीसारखं, काळं, गुळगुळीत. किरण पडले की आतला थर चमकतो, त्या चमकेची वीज होते, लाखो ठिपक्यांत साठते, मग यंत्र एकेक ठिपका वाचून चित्र करतं.

मशीन चालवणारे बरेच असतात, पॅनेल सांभाळणारे कमी. ते लहान मुलासारखं आहे. खोली तापली की कुरकुर, दमट झाली की कुरकुर. म्हणून रोज सकाळी आधी एसी, मग अर्धा तास थांबायचं, मग किरण न सोडता एक फ्रेम घ्यायची. तिला आम्ही काळी फ्रेम म्हणतो. तिच्यात काही दिसता कामा नये, नुसता बारीक रवा, सगळीकडे सारखा. ती नीट आली की दिवस नीट जातो.

आमच्या मोठ्या मॅडम, एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टर, कमी बोलतात पण नीट ऐकतात. मदतीला मावशी आहेत, पेशंटला उभं करणं, कपडे बदलायला लावणं त्यांच्याकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा दिला आणि सांगितलं की आधीची पोरगी लग्न करून गेली, पळून नाही गेली, उगाच कोणाचं ऐकू नको.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पॅनेल बसलं. कंपनीच्या इंजिनियरने तीन तास घाम गाळला. शेवटी एका छातीचं चित्र काढून मॅडमना दाखवायचं होतं, आणि चाचणीसाठी जो प्लॅस्टिकचा धड-पुतळा लागतो तो त्याच्याकडून दुसऱ्या गावीच राहिला होता. तेवढ्यात दादा माझा विसरलेला चष्मा घेऊन आला.

नियमाने असं करू नये. कारण नसताना माणसावर किरण सोडायचे नसतात, हे मी दहा जणांना शिकवलं असेल. पण एकच एक्स्पोजर, तेही अगदी कमी. दादा म्हणाला, चल, माझंही मुद्रित तपासून घेऊ. शर्ट काढून स्टँडपाशी उभा राहिला, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास रोखून.

चित्र काय सुंदर आलं. फासळ्यांच्या कडा कोरल्यासारख्या. डाव्या कॉलरबोनवर लहानपणीच्या अपघातातली धातूची पट्टी, तिचे सहा स्क्रू, आटेसुद्धा मोजता येत होते. दादाने वाकून बघितलं आणि म्हणाला, एकही छपाईची चूक नाही. मॅडमनी सही केली. इंजिनियर सुटला.

८ फेब्रुवारी, शनिवार

काळ्या फ्रेममध्ये दादा आहे.

म्हणजे कालचं चित्र, अगदी पुसट. याला लॅग म्हणतात, इंजिनियर लोक घोस्ट म्हणतात. विजेचे काही कण ठिपक्यांत अडकून पडतात, वेळाने सुटतात. काही मिनिटांत जायला हवं, फार तर तासात. हे रात्रभर राहिलं. नवीन आहे, बसेल हळूहळू.

१० फेब्रुवारी, सोमवार

रविवारी पॅनेल बंद नव्हतं पण वापरलंही नव्हतं. आज चित्र जास्त स्पष्ट आहे. पट्टी दिसते. स्क्रू दिसतात.

इंजिनियरला फोन केला. तो म्हणाला की काळजी नको, रिकाम्या पॅनेलवर जोरदार चार-पाच एक्स्पोजर द्या, अडकलेलं सगळं वाहून जाईल. उद्या सकाळी पेशंट यायच्या आधी करते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाच एक्स्पोजर दिले, नऊ वाजता, एकामागोमाग एक. चित्र गेलं नाही. उलट उठून आलं.

संध्याकाळी घरी आले तर दादा उघडा बसला होता, खिडकीकडे पाठ करून. छाती आणि पाठ लालबुंद, उन्हात भाजल्यासारखी. दिवसभर घराबाहेर पडला नव्हता. सकाळी काम करता करता एकदम अंगातून गरम वारं गेल्यासारखं झालं म्हणाला. किती वाजता ते मी विचारलं नाही. मलम लावलं. त्याने विनोद केला की वयात आलो बहुतेक.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आठवडाभराच्या काळ्या फ्रेम एकाखाली एक लावून बघितल्या. अडकून राहिलेलं चित्र एकच असतं, ते फिकं होईल किंवा गडद होईल, पण तेच असतं. यातलं तसं नाही. फासळ्यांखालचा श्वासाचा पडदा कधी वर आहे, कधी खाली. मंगळवारी हनुवटीची सावली वर आहे, आज मान किंचित वळलेली आहे.

मग दर दोन सेकंदांनी एक अशा तीस फ्रेम घेतल्या. किरण सोडणारी ट्यूब बंद होती. मी स्वतः जाऊन बघून आले.

छाती हलत होती. सावकाश, एका लयीत. मी ती लय ओळखते. लहानपणी वादळाला घाबरून मी त्या छातीवर डोकं ठेवून झोपायचे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक नंबरचा एसी दुपारी बंद पडला. पॅनेल तापत गेलं. तापलं की काहीही न पडताही ठिपक्यांत वीज झिरपते, काळ्या फ्रेममधला रवा जाड होतो. आज इतका जाड झाला की दादा त्यात बुडून गेला.

मी घरी फोन केला. त्याने सातव्या-आठव्या रिंगला उचलला आणि मोठमोठ्याने बोलायला लागला, बहिऱ्यासारखा. कानात सूं असा आवाज भरलाय म्हणाला, रेडिओवर स्टेशन लागत नाही तसा, तासभर झाला, अक्षरं वाचतोय पण अर्थ लागत नाहीये. मी त्याला फोन धरून ठेवायला सांगितलं. मावशींनी दोन टेबलफॅन आणले, पाठीमागे बर्फाच्या पिशव्या लावल्या. मी फोन कानाला लावून पडद्यावरचा आकडा बघत बसले. एकेक अंश उतरत गेला. रवा बारीक होत गेला.

मग दादा साध्या आवाजात म्हणाला, थांबला बघ आत्ता. तू काही केलंस का?

मी म्हणाले नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज एक नंबरमध्ये एक्केचाळीस छात्या झाल्या. सगळीकडे खोकल्याची साथ आहे, रांग दारापर्यंत. मी शक्य तेवढे पेशंट दोन नंबरकडे वळवले. मॅडमनी विचारलं की नवं मशीन काय शोभेला ठेवलंय का.

घरी दादाच्या टेबलावर मुद्रिताचा एक कागद होता. समासात लाल पेन्सिलीने बारीक रेघा आणि शेजारी वेळा. सारखे धक्के बसत होते, आतून कोणी चापट मारावी तसे, म्हणून सवयीने नोंदवत गेलो म्हणाला. मी मोजलं. एक्केचाळीस. पहिली वेळ नऊ बारा. मी रजिस्टर बघून आले होते. पहिला पेशंट नऊ बारा.

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने लाल पेन्सिल खाली ठेवली. नंतर म्हणाला की तू मुद्दाम केलं नाहीस. मी म्हणाले की मी मुद्दाम केलं नाही याने काय फरक पडतो. तो म्हणाला, मला पडतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना सांगितलं. सगळ्या फ्रेम दाखवल्या, रेघांचा कागद दाखवला. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. दादाला बोलावून दोन नंबरच्या जुन्या मशीनवर त्याची फिल्म काढायला लावली, स्वतः वाचली. सगळं नॉर्मल. रक्त नॉर्मल, ईसीजी नॉर्मल. मला बाजूला घेऊन म्हणाल्या की भाऊ ठणठणीत आहे, झोप तुला हवी आहे.

पण फ्रेम बघून त्या खरोखर हादरल्या, वेगळ्या कारणाने. हे भूत पेशंटच्या चित्रांत मिसळतंय. एका बाईच्या फुप्फुसावरचा डाग दादाच्या फासळीखाली झाकला गेला होता, मॅडमना तो दुसऱ्यांदा बघताना सापडला. त्या म्हणाल्या की उद्या अशानेच कोणाचा तरी जीव जाईल. कंपनीला कळवून पूर्ण कॅलिब्रेशन, म्हणजे पॅनेलची शून्यापासून जुळणी, करून घ्यायचं.

त्यांचं चुकत नाही. मीच त्यांना दाखवलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजच्या फ्रेममध्ये पाच मेलेले ठिपके. पांढरे, टाचणीच्या टोकाएवढे, काही केल्या न बदलणारे.

रात्री दादाच्या पाठीवर सुईचं टोक टेकवत गेले. पाच जागा. तिथे त्याला काहीच कळत नाही. टोचलं तरी नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पॅनेल बंदच केलं तर — असं वाटलं. वीज नाही तर अडकलेलं सुटेल. घरमालकीणबाईंना वर बसवलं, फोन चालू ठेवायला सांगितला, दादाला बरं वाटत नाही एवढंच कारण दिलं. दुपारी दोनला, जेवणाच्या सुट्टीत, वायर काढली.

बाई बोलता बोलता थांबल्या. मग म्हणाल्या की अहो, हे श्वास घेत नाहीयेत.

वायर परत लावली. पॅनेल चालू व्हायला एक मिनिट दहा सेकंद लागतात. मी ते घड्याळ आयुष्यात विसरणार नाही. मग फोनमधून खोकल्याचा आवाज आला. बाई रडत होत्या.

मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला वायर हातात धरलेली बघितलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मावशींनी सांगितलं असावं. त्यांचा राग नाही. मॅडमनी पंधरा दिवसांची रजा दिली, सक्तीची. एक नंबरची चावी काढून घेतली. सोमवारी अकरा वाजता इंजिनियर कॅलिब्रेशनला येतोय.

त्याला फोन केला. रडले, पाया पडते म्हणाले. तो बिचारा गोंधळला. मला बरं वाटावं म्हणून त्याने सगळं क्रमाने समजावलं, जणू मला ठाऊक नाही. आधी काळ्या फ्रेम घेणार. त्यात जे काही सापडेल ते यंत्र शून्य धरणार आणि तिथून पुढे वजा करत राहणार. मग रिकाम्या पॅनेलवर चार पायऱ्यांत एक्स्पोजर, कमीपासून जास्तीपर्यंत. शेवटी मेलेले ठिपके शोधायचे आणि शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून त्या जागा भरायच्या. तासाभराचं काम. नव्यासारखं होईल ताई, भूत नावालासुद्धा राहणार नाही, म्हणाला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमच्या घरी गेले. पॅनेल मला विकत द्या, नोकरी सोडते, जन्मभर फुकट काम करते. त्यांनी पाणी दिलं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कीव होती. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. हेच सगळ्यात वाईट आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादाला घेऊन पहाटेच्या बसने निघाले. दूर गेल्यावर तुटेल कदाचित. चार तास. पाचव्या तासाला त्याने छाती धरली. हॉस्पिटलात कोणीतरी तातडीचा पेशंट आला असेल.

अंतराने काही होत नाही.

परत आलो. तो म्हणाला की घरीच बसू, उजेड चांगला आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

१०.२० — सकाळी आठला हॉस्पिटलच्या फाटकापाशी गेले होते. वॉचमनला माझं नाव दिलेलं आहे. परत पाठवलं. अजून मागच्या बाजूने भिंत चढता येईल. दादा म्हणाला नको. तू तिथे ओरडत असशील आणि मी इथे एकटा. माझ्यापाशी बस.

बसले. त्याचा डावा हात माझ्या डाव्या हातात. उजव्या हाताने लिहितेय. दुसरं करण्यासारखं काही नाही.

१०.५० — इंजिनियरचा फोन बंद. खोलीत गेला असेल. मॅडम उचलत नाहीत.

दादाने दाढी केलीय. नवा शर्ट. म्हणाला, तुझी वेणी मला कधी धड घालता आली नाही, वर्गात मुली हसायच्या ना. मी म्हणाले हसायच्या. तो म्हणाला मला माहीत होतं.

११.०८ — सुरू झालं. काळ्या फ्रेम. त्याला काही दुखत नाही. हलकं वाटतंय म्हणतो.

११.१४ — रंग उतरतोय. शर्टाचा, हातांचा. बघत राहिलं तर दिसतो. पापणी लवली की क्षणभर खुर्ची रिकामी असते. मग परत दिसतो. मी डोळे मिटत नाहीये.

११.२१ — वजा करतंय. मागच्या खिडकीचे गज त्याच्यातून — हात मात्र हातात आहे. वजन कमी.

मी त्याला सारखी सांगतेय, दादा, घाबरू नकोस, मी आहे.

११.३० — पहिलं एक्स्पोजर. तो ताठ झाला.

११.३३ — दुसरं.

११.३६ — तिसरं. ओरडला नाही. माझ्यामुळे ओरडत नाहीये. ओरड म्हणाले —

११.३९ — चौथं

११.४४ — जिवंत आहे. बसलाय. परत दिसायला लागला, आरपार नाही, भरीव. पण जागोजागी काही नाही. गालावर, मानेवर, हातावर. जखम नाही, छिद्र नाही. तिथे नुसतं काही नाही. खूप आहेत. पाच नव्हते. आता शोधतंय सगळे.

आता भरणार.

शेजारून भरतात. शेजारी मी आहे. फक्त मी. उठून लांब जायला हवं, हात सोडवत नाही, त्याने घट्ट —

११.४९ — बोटं. माझी बोटं आहेत. माझ्या हातात माझाच हात आहे. आखूड नखं, अंगठ्यावरचा माझा भाजल्याचा डाग.

११.५१ — मनगट. मान. कॉलरबोन चाचपलं, पट्टी लागत नाही. सपाट हाड.

दादा म्हणून हाक मारतेय. बघतो. डोळे अजून त्याचे. एक डोळा.

११.५३ — बोलला. आवाज माझा. म्हणाला, दादा, घाबरू नकोस, मी आहे.

मी म्हणाले तू दादा आहेस, मी धाकटी.

तो रडतोय. माझ्यासारखा, तोंडावर मनगट दाबून. दादा कुठे गेला विचारतोय. मला विचारतोय. मी काय सांगू, मी त्याच्या चेहऱ्यावर शोधतेय, एखादी तरी जागा जिथे अजून